हौशी गळा आणि रेकॉर्डिंगचं दुकान

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठवाड्यात पावसाचा दुष्काळ पडतो, गाण्याचा कधी पडलेला नाही. माहूरच्या रेणुकेच्या वाटेवर आराधी गातात, माळेगावच्या यात्रेत वाघ्या-मुरळीची घाटी वाजते, औशाला नाथ परंपरेचं चक्री भजन चालतं. लातूर-नांदेडकडची लिंगायत मंडळी मन्मथस्वामींचे अभंग म्हणत कपिलधारला पायी जातात. कंधारच्या उरुसात कव्वाली रंगते आणि नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात पहाटेपासून कीर्तन सुरू होतं. श्रोतेहो, ही सगळी गाणारी माणसं पोटासाठी गाणारी नाहीत. बहुतेक जण शेतकरी, शिक्षक, टेलर, तलाठी. हौशी.

आता यातल्या एखाद्या भजनीबुवांच्या घरी जा. बुवांना जाऊन चाळीस-पन्नास वर्षं झालेली. नातू भिंतीवरचा फोटो काढून दाखवील. फेटा, कोट, हातात वीणा, मागे रंगवलेला पडदा. बुवांचा आवाज मात्र घरात कुठेच नसतो.

असं का झालं? कॅमेराही परदेशातून आला आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्रही परदेशातूनच आलं. पण फोटो स्टुडिओ तालुक्याच्या गावापर्यंत पोचला, रेकॉर्डिंगचं दुकान पोचलं नाही. माझ्या मते याचं कारण यंत्राच्या किमतीत जेवढं आहे, त्याहून जास्त धंद्याच्या रीतीत आहे. फोटोग्राफर पैसे घेतो ते समोर बसलेल्या माणसाकडून. त्यामुळे समोर कोण बसलंय, दिसायला कसा आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. तबकडीच्या कंपनीचं उलटं. ती गाणाऱ्याकडून काही घेत नाही, ऐकणाऱ्याकडून घेते. म्हणजे ज्याची तबकडी हजारोंनी खपेल त्याचाच आवाज तिला हवा. बाकीच्यांनी घरी गावं!

गंमत अशी, की सुरुवात अशी नव्हती. एडिसनचा १८७७ सालचा फोनोग्राफ आवाज ऐकवायचा आणि टिपायचाही. पुढे मेणाच्या नळकांड्या आल्या तेव्हा त्या घासून पुन्हा वापरता यायच्या, घरच्या घरी माणूस आपला आवाज भरू शकायचा. मग बर्लिनरची सपाट तबकडी आली. छापायला सोपी, साठवायला सोपी, विकायला सोपी. पण ग्रामोफोन फक्त ऐकवू शकायचा. आवाज भरायची सोय गिऱ्हाइकाच्या हातातून गेली, ती परत यायला साठ-सत्तर वर्षं लागली.

आपल्याकडे १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि गौहरजानसारख्या गायिकांची ध्वनिमुद्रणं झाली. छपाई व्हायची जर्मनीत, हॅनोव्हरला. १९०८ मध्ये कलकत्त्यालाच कारखाना निघाला. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. नाटकातल्या पदाला ती कशीबशी पुरत. रात्रभर चालणाऱ्या गोंधळाचं त्यात काय मावणार? शिवाय नांदेडहून जायचं तर मनमाडपर्यंतची मीटर गेज, आणि लातूरहून बार्शी लाइट रेल्वेची ती जगप्रसिद्ध संथ गाडी. तेही कुणी बोलावलं तर.

पुढे रेडिओ आला. निजामाच्या संस्थानात हैदराबाद आणि औरंगाबाद अशी दोन केंद्रं होती, १९५० मध्ये ती आकाशवाणीत आली. रेडिओनं लोकसंगीताला जागा दिली हे खरंच. परभणीचं केंद्र सुरू झाल्यावर आपल्या बाजूच्या कितीतरी मंडळींना पहिल्यांदा माइक दिसला. पण रेडिओ म्हणजे सरकारी दार. १९५२ पासून आवाजाची चाचणी, मग 'बी', 'बी हाय', 'ए' अशा श्रेण्या. शिवाय आकाशवाणीवर १९४० पासून हार्मोनियमला बंदी होती, ती १९७१ च्या सुमारास अंशतः उठली. ज्या मुलखात पेटीशिवाय भजनाला तोंडच फुटत नाही, तिथल्या हौशी मंडळाची यात काय पंचाईत झाली असेल, ते तुम्हीच पाहा. चाचणी हवीच होती, नाहीतर सार्वजनिक माध्यमाला दर्जा राहत नाही. पण चाचणीत बसला नाही तो कुठे जाणार, याचं उत्तर रेडिओकडे नव्हतं. ते उत्तर बाजारातच मिळायला हवं होतं.

अमेरिकेत एकानं ते शोधलं. सॅम फिलिप्स हा रेडिओतलाच माणूस. त्यानं १९५० मध्ये मेंफिस शहरात एका छोट्या गाळ्यात 'मेंफिस रेकॉर्डिंग सर्व्हिस' उघडली. या नावातला 'सर्व्हिस' हा शब्द महत्त्वाचा. लग्न असो, अंत्यविधी असो, शाळेचा कार्यक्रम असो, तो यंत्र घेऊन जायचा आणि ध्वनिमुद्रण करून द्यायचा. कुणीही यावं, पैसे भरावेत, आपलं गाणं तबकडीवर घेऊन घरी जावं. फोटो स्टुडिओच, फक्त आवाजाचा. १९५३ च्या उन्हाळ्यात एक अठरा वर्षांचा पोरगा सुमारे चार डॉलर देऊन दोन गाणी भरून गेला. तो एल्व्हिस प्रेस्ली. १९५५ मध्ये फिलिप्सनं त्याचा करार पस्तीस हजार डॉलरला एका मोठ्या कंपनीला विकला. एल्व्हिसची गोष्ट सगळे सांगतात. मला त्या चार डॉलरमध्ये जास्त रस आहे, कारण दुकानाचं भाडं अशाच चार-चार डॉलरमधून निघत असणार.

आपल्याकडे आवाज भरण्याची सोय परत आली ती टेपरेकॉर्डरमुळे. आधी मोठ्या चकत्यांचे स्पूल. ते शहरातल्या सुखवस्तू रसिकांकडे, आणि खासगी मैफलींची जी काही ध्वनिमुद्रणं आज आपण ऐकतो ती अशाच हौशी लोकांनी जपलेली. मग फिलिप्स कंपनीनं १९६३ मध्ये काढलेली कॅसेट. सत्तरच्या अखेरीस आखातात गेलेली माणसं परतताना टू-इन-वन आणू लागली आणि बघता बघता ते यंत्र गावातल्या पारावर आलं. गुलशन कुमारांची सुपर कॅसेट्स १९८३ ची. तबकडीच्या कंपनीची मक्तेदारी काही वर्षांत मोडली. पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं १९९३ मध्ये या उलथापालथीवर पुस्तकच लिहिलं. कॅसेट काढायला मोठा कारखाना लागत नव्हता, म्हणून भाषाभाषांतली, जातीजमातींतली गाणी बाजारात आली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घराघरांत गेले, वामनदादा कर्डकांची भीमगीतं वस्त्यावस्त्यांत वाजू लागली.

त्या काळात जिल्ह्याच्या गावी 'रेकॉर्डिंग सेंटर' अशी पाटी असलेली दुकानं होती, अनेकांना आठवत असतील. पण तिथे रेकॉर्डिंग म्हणजे कॅसेट भरून देणं. गिऱ्हाइकानं गाण्यांची यादी आणायची, दुकानदारानं दुसऱ्याच्या कॅसेटवरून ती उतरवून द्यायची. ना तो आपला माल, ना आपलं गाणं. पुढे हेच दुकान सीडी भरू लागलं, मग मेमरी कार्ड, आणि इंटरनेट स्वस्त झाल्यावर मोबाइलच्या कव्हर विकण्यापुरतं उरलं. पंचवीस-तीस वर्षं रेकॉर्डिंगची पाटी लावून त्यातल्या फार थोड्यांनी गावातल्या गाणाऱ्याला आत बोलावून माइकपुढे बसवलं. हे केवढं नुकसान झालं!

नुकसान म्हणतो ते का, ते पाहा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर ओव्या, हजाराहून जास्त गावं. त्याआधी ना. गो. नांदापूरकरांनी मराठवाड्यातल्या बायकांची गाणी जमवली होती, पण ती कागदावर. राईरकर-प्वातवँ यांच्याबरोबर नव्वदच्या दशकात बर्नार बेल हे यंत्र घेऊन फिरले आणि काही ओव्या आवाजासह टिपल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ मध्ये असा मिळाला. आज तो जगात कुठेही बसून ऐकता येतो. गंगूबाईंचा राहिला. त्याच वर्षी नांदेडच्या, लातूरच्या किती गंगूबाया जात्यावर किंवा लग्नाच्या हळदीत गात होत्या? घरात टू-इन-वन होता, लाल बटण होतं, कोरी कॅसेटही होती. तिच्यावर सिनेमाची गाणी भरली गेली.

संगणकानं शेवटची भिंत पाडली. एकावर एक आवाज चढवायचा तर पूर्वी मोठा स्टुडिओ लागे. १९७९ मध्ये टॅस्कम कंपनीनं कॅसेटवर चार वेगवेगळे पट्टे भरणारं यंत्र काढलं आणि पाश्चात्त्य देशांत घरोघरी स्टुडिओ झाले. आपल्याकडे ते काम साध्या संगणकावर 'कूल एडिट'सारख्या प्रोग्रॅमनं होऊ लागलं. 'ऑडॅसिटी' २००० मध्ये आलं, तेही फुकट. तेव्हा मराठवाड्यात भारनियमनाचे दिवस. पेटी लागली, तबला जुळला, गायकानं डोळे मिटले, की लाइट जायची. तरीही नांदेडला, लातूरला गाळ्यांत, माडीवर छोटे स्टुडिओ उभे राहिले. त्यांचं पोट गाण्यावर कमी आणि निवडणुकीच्या रिक्षावरच्या घोषणा, दुकानांच्या जाहिराती, जयंतीची आणि गणपतीची गाणी यांवर जास्त. त्यात कमीपणा काही नाही. फिलिप्सनंही अंत्यविधी केलेच की.

आज काय स्थिती आहे? संगणक घरात असेल तर चांगला माइक, संगणकाला जोडायचा छोटा डबा (त्याला इंटरफेस म्हणतात), हेडफोन आणि स्टँड, हे सगळं अंदाजे पंचवीस-तीस हजारांत बसतं. एका बऱ्या मोबाइलपेक्षा फार जास्त नाही. मग लोक विचारतात, मोबाइलमध्येच रेकॉर्डर आहे, पैसे कोण देईल? कॅमेराही मोबाइलमध्ये आहे, तरी लग्नाला फोटोग्राफर बोलावतातच ना. मोबाइलवर भजन भरा आणि ऐका. टाळ कानात घुसतात, पखवाज फुटतो, बुवांचे शब्द विहिरीतून आल्यासारखे. गिऱ्हाईक पैसे देईल ते माइक कुठे ठेवायचा हे कळणाऱ्या माणसाला. टाळकरी दोन पावलं मागे, पेटी बाजूला, बुवांच्या तोंडापासून वीतभर अंतर. हे ज्ञान दुकानात मिळत नाही, दहा मंडळांची दहा भजनं बिघडवल्यावर येतं.

खोलीचंही तसंच. आपल्याकडची जुनी माळवदाची घरं, जाड मातीच्या भिंती, आवाजाला फार चांगली. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात त्याच भिंतींनी आणि माळवदांनी माणसं गाडली. त्यानंतर लोकांनी सिमेंटचं घर धरलं ते योग्यच धरलं. सिमेंटची भिंत, खाली शहाबादी फरशी किंवा टाइल्स, यांत आवाज चेंडूसारखा उसळतो. त्याला महागडा फोम लागतो असं नाही. भिंतीला गाद्या उभ्या करा, दोरीवर गोधड्या टाका, पंखा बंद करा. उन्हाळ्यात पंखा बंद ही लातूरकरांना शिक्षाच आहे, म्हणून काम पहाटे करावं. पहाटे भजनीबुवांचा गळाही मोकळा असतो.

एका गोष्टीची सांगड आधीच घालून ठेवायला हवी, ती हक्कांची. कॅसेटच्या काळात गायकाला एकरकमी थोडे पैसे देऊन कागदावर सही घ्यायची रीत फार होती. पण आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला त्याच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क दिला, आणि १९९९ मध्ये त्याची मुदत पन्नास वर्षं झाली. संतांचे अभंग कुणाच्या मालकीचे नाहीत, पण तो अभंग गाणाऱ्या आराध्याचा आवाज त्याच्या मालकीचा आहे. वामनदादा २००४ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत त्यांचे वारस किंवा ज्यांना तो दिला असेल ते, यांच्याकडे राहणार. सिनेमाचं गाणं स्वतःसाठी भरून घरी ऐकणं वेगळं, इंटरनेटवर टाकून पैसे मिळवणं वेगळं. सेवेचा धंदा करणाऱ्यानं गिऱ्हाइकाची फाइल गिऱ्हाइकाला द्यावी, आपले पैसे घ्यावेत. त्याच्या आवाजावर हक्क सांगू नये. फोटोग्राफर आपल्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याचा मालक होत नाही.

आणि कामाला सुरुवात करताना आणखी एक करावं. गौहरजानच्या काळातल्या तबकड्यांवर गाणं संपताना गायिका स्वतःचं नाव सांगतात. हॅनोव्हरच्या छपाईवाल्यांना ही कुणाची तबकडी हे कळावं, यासाठी ती सोय होती. आज त्याच दोन शब्दांवरून कितीतरी जुन्या तबकड्या ओळखता येतात. मोबाइलमधल्या फाइलला मात्र नुसता आकडा असतो. तेव्हा बटण दाबलं की पहिल्यांदा बुवांकडूनच वदवून घ्यावं: नाव, गाव, तालुका, तारीख, पेटीवर कोण, पखवाजावर कोण, आणि ही चाल कुणाकडून शिकलो. मग अभंग.