तोफांचा जमाखर्च

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, जेथे इंदापूर तालुक्याची भूमी निमुळती होत दोन नद्यांच्या मध्ये संपते, तेथे नीरा भीमेला मिळते. आणि त्या संगमावर, प्रल्हादाने वाळूची मूर्ती घडवून नृसिंहाची उपासना केली या श्रद्धेने भाविकांना शतकानुशतके ओढून आणणारे नरसिंहपूर हे क्षेत्र वसले आहे. नदीपात्रात उतरणारा घाट, भक्कम दगडी बांधणी आणि दुरूनच दृष्टीस पडणारे शिखर हे सारे वैभव ज्या घराण्याच्या औदार्याशी निगडित आहे ते विंचूरकरांचे, आणि त्या घराण्याचे संस्थापक विठ्ठल शिवदेव हे पानिपतावर लढलेले पेशव्यांचे नामांकित सरदार. सरदाराचे द्रव्य म्हणजे सरंजामाचा वसूल, आणि सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेला मुलूख. तेव्हा या देवालयाचा इतिहास लिहू जाणाऱ्याला घोडे, तोफा, दारूगोळा आणि त्यांसाठी काढलेली कर्जे यांच्या इतिहासात उतरावेच लागते.

या संगमावर येणारे पाणी कोठून येते हे पाहिले म्हणजे हा विषय अधिकच उलगडतो. पुरंदरच्या डोंगराळ मुलखातून निघालेली कऱ्हा सासवड, मोरगाव, बारामती ही गावे मागे टाकून सोनगावजवळ नीरेत मिसळते. भीमेच्या पाण्यात इंद्रायणी आणि मुळा-मुठा यांचे पाणी असते. या नद्यांच्या काठी तोफखान्याचे सरदार राहिले, युद्धाला पैसा पुरविणारे सावकार नांदले, रणात पडणारे शिलेदार जन्मले, आणि पुढे इंग्रजी अमलात काडतुसे भरणारे कामगारही येथेच राबले. शस्त्रांच्या व्यापाराचा सगळा संसार असा दोन प्रवाहांच्या काठी एकत्र पाहावयास मिळावा, अशी स्थळे फार नाहीत. आणि तो पाहताना एक गोष्ट मनाला सतत टोचत राहते, ती ही की या व्यवहारात तोफांची मोजदाद सदैव चोख राहिली, माणसांची मात्र कधीच झाली नाही.

शस्त्रांना स्वदेश नसतो हे दख्खनने फार पूर्वीच अनुभवले होते. विजापुरास आज दिसणारी मुलुखमैदान तोफ १५४९ मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात मुहंमद बिन हसन रूमी या तुर्काने ओतली. पुढे समुद्रमार्गाने टोपीकर आले आणि हा व्यवहार वखारींच्या हाती गेला. १६६० मध्ये सिद्दी जौहराने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफ व गोळे घेऊन त्याच्या साहाय्यास गेला, आणि इंग्रजांचे निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. आपली शालेय पुस्तके बाजीप्रभूंचा पराक्रम सांगतात, आणि तो सांगितलाच पाहिजे. परंतु त्या वेढ्यात एक व्यापारी कंपनी नफ्याच्या आशेने उतरली होती, हेही मुलांना त्याच श्वासात सांगितले गेले पाहिजे असे मला वाटते. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटून तेथील इंग्रजांना कैदेत टाकले. त्या लुटीच्या भरपाईसाठी इंग्रज वर्षानुवर्षे तगादा लावीत राहिले, आणि राज्याभिषेकप्रसंगी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा हा विषय त्याच्या मागण्यांत होताच. पन्हाळ्याच्या तटावर त्या गोळ्यांनी कोण पडले याची भरपाई कोणी मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही.

१६६५ मध्ये पुरंदरला वेढा पडला तेव्हा मिर्झाराजे जयसिंगाच्या तोफखान्यात निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा माणूस चाकरीस होता. वज्रगड तोफांनीच पाडला, आणि मुरारबाजी देशपांडे पडले. महाराजांनी या साऱ्यापासून जो बोध घ्यावयाचा तो घेतला. सुरतेच्या फ्रेंच वखारीच्या प्रमुखाकडून त्यांनी ८० तोफा आणि बंदुकांना पुरेल एवढे शिसे खरेदी केल्याची नोंद आहे. इंग्रज मात्र मोगलांच्या रोषाच्या भयाने त्यांना तोफा देण्यास सदैव कचरत. विकणारा आपल्या सोयीने विकतो आणि आपल्या सोयीने हात आखडतो, हे सत्य रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्रात स्वच्छ ओळखले होते. टोपीकरांचे बळ आरमारात व दारूगोळ्यात आहे, म्हणून त्यांना किनाऱ्यावर जागा देऊ नये, असा त्यांचा उपदेश आहे. तो पुढच्या शतकाने ऐकला नाही.

आता कऱ्हेच्या काठाने खाली यावे. सासवडजवळच्या सोनोरीस पानसे घराण्याचा वाडा आणि माथ्यावर मल्हारगड आहे. हे पानसे पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार. विठ्ठल शिवदेवांचे मूळही सासवडचेच. दारूसाठी लागणारा शोरा मुलखात मिळे, परंतु गंधक, शिसे आणि चांगले तांबे यांसाठी बंदरांकडे पाहावे लागे. माधवराव पेशव्यांच्या काळात जुन्नरकडील आंबेगव्हाण येथे व पुण्यात गोळे ओतण्याचे कारखाने निघाले, तरी परावलंबन सुटले नाही.

आणि बारामती! मोरोपंतांच्या आर्येमुळे हे गाव मराठी मनात काव्याचे गाव म्हणून वसले आहे, परंतु मोरोपंतांचे आश्रयदाते बाबूजी नाईक हे त्या काळचे बलाढ्य सावकार होते, हे विसरता कामा नये. त्यांचे बंधू आबाजी हे थोरल्या बाजीरावांचे मेहुणे. तरीही पेशव्यांच्या मागे या घराण्याच्या कर्जाचा तगादा असे, आणि १७४० मध्ये बाजीराव निवर्तल्यावर याच बाबूजी नाईकांना पेशवेपद मिळावे म्हणून रघूजी भोसल्यांनी खटपट केली. बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत धनकोंच्या जाचाने झालेली आपली केविलवाणी अवस्था वर्णिली आहे. ज्याच्या घोड्यांच्या टापांनी हिंदुस्थान हादरला तो पुरुष सावकारांच्या दारी नम्र होत होता. शस्त्रांच्या व्यापारात विकणारा आणि घेणारा असे दोघेच असतात ही आपली समजूत अपुरी आहे. तिसरा असतो तो पैसा पुरविणारा, आणि त्याची फेड होते ती परगण्यांवर काढलेल्या वरातींनी, म्हणजे वसुलातून रक्कम देण्याच्या हुकमांनी. वरात कागदावर एका ओळीची असे. ती वसूल होई ती बैल विकणाऱ्या, बियाणे खाणाऱ्या, अखेर गाव सोडून परागंदा होणाऱ्या रयतेकडून. इंदापूर-बारामतीसारख्या अवर्षणप्रवण प्रांतात त्याचा अर्थ काय होत असेल याची कल्पना येथील शेतकऱ्याला वेगळी करून द्यावयास नको.

या सगळ्या व्यवहाराची परिणती १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर झाली. बुसीच्या तालमीत फ्रेंच पद्धती शिकलेला इब्राहिमखान गारदी निजामाची चाकरी सोडून मराठ्यांकडे आला होता. त्याच्या कवायती पलटणी आणि जड तोफा यांवर भाऊसाहेबांची भिस्त होती. अब्दालीकडे उंटांवर बसविलेल्या, चटकन फिरविता येणाऱ्या जंबुरक तोफा होत्या. गारद्यांच्या आधाराने, रांग न मोडता सरकत जाण्याची ही गोलाची लढाई, गनिमी काव्यात वाढलेल्या विठ्ठल शिवदेव आणि दमाजी गायकवाड यांच्या घोडदळाच्या अंगवळणी पडलेली नव्हती. ते पुढे घुसले, रांग विस्कटली, आणि मग जे झाले ते महाराष्ट्राच्या घराघरात ठाऊक आहे. मला या ठिकाणी दोष कोणाचा हे ठरवावयाचे नाही. मात्र विकत आणलेले शस्त्र आपल्याबरोबर एक युद्धपद्धती आणते आणि ती पद्धती अंगी मुरण्याइतका अवधी रणभूमी देत नाही, एवढे त्या दिवसाने सिद्ध केले.

आणि माणसे? छावणीत लढणाऱ्यांहून न लढणारेच अधिक होते: बाजारबुणगे, बेलदार, यात्रेकरू, स्त्रिया, मुले. रसद तुटल्यावर कित्येक आठवडे हे सारे उपाशी होते. लढाईनंतर ४०,००० बंदिवान कापले गेले असे काशीराज पंडिताच्या वृत्तांतात आहे. ती संख्या अदमासाची, कारण नेमकी मोजदाद करावयास कोणी उरलेच नव्हते. उरलेल्या स्त्रिया-मुले गुलाम म्हणून नेली गेली. नानासाहेबांना ही वार्ता पोहोचली ती सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेत, नाण्यांच्या आणि मोत्यांच्या रूपात. त्यात थोरांसाठी मोती व मोहरा होत्या, आणि सामान्य शिपायासाठी गणती न होणारा खुर्दा. पेढीच्या हिशेबातसुद्धा त्याला आकडा लाभला नाही. विठ्ठल शिवदेव परतले. त्यांच्या पथकातील जे परतले नाहीत त्यांची नावे नरसिंहपूरच्या कोणत्याही शिळेवर कोरलेली नाहीत.

पानिपताने व्यापार थांबला नाही, वाढला. १७७७ मध्ये सेंट ल्यूबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ चौल बंदरी उतरला आणि आपण फ्रान्सच्या राजाचे वकील आहोत असे सांगत पुण्यात येऊन नाना फडणिसांना गोरे सैनिक, कवायतीचे शिक्षण आणि युद्धसामग्री पुरविण्याची वचने देऊ लागला. वचनांपैकी फारसे काही हाती आले नाही. मात्र त्याच्या येण्याने इंग्रज बिथरले, आणि त्यांच्या युद्धपक्षाला आयते निमित्त मिळाले. न विकलेल्या तोफांनीही युद्ध पेटू शकते, याचे हे उदाहरण आहे. तिकडे महादजी शिंद्यांनी सेव्हॉयच्या द बॉयनला चाकरीस ठेवून पलटणी उभारल्या. आग्र्यास सँगस्टर हा स्कॉटिश कारागीर तोफा ओती आणि १० रुपयांस एक या दराने उत्तम बंदुका तयार करी. द बॉयन गडगंज द्रव्य घेऊन मायदेशी शाँबेरीला गेला, तेथे त्याने लोकोपयोगी कामांस मोठ्या देणग्या दिल्या, आणि १८३८ मध्ये नगरवासीयांनी त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचे कारंजे उभारले. ते आजही तेथे आहे. युद्धात मिळविलेला पैसा दानधर्मातून वाहू लागला म्हणजे त्याचा उगम लोकांच्या स्मरणातून पुसला जातो. शाँबेरीचे कारंजे आणि भीमाकाठचा घाट यांत मला तरी अंतर दिसत नाही. दान खोटे होते असे मी म्हणत नाही. विठ्ठल शिवदेवांची नृसिंहभक्ती निखळ होती यात शंका नाही. परंतु घाटाची प्रत्येक पायरी कोणाच्या तरी वसुलीतून आणि कोणाच्या तरी रक्तातून आली, हे म्हटल्याने भक्तीला उणेपणा येत नाही.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे, केळणा आणि जुई या नद्यांच्या संगमावर, वेलस्लीने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. युद्ध जुंपण्याआधीच कंपनीने शिंद्यांच्या चाकरीतील गोऱ्या अधिकाऱ्यांना फितविण्याचा डाव टाकला होता आणि त्यांतील अनेक जण ऐन वेळी सोडून गेले. तरीही गोलंदाज तोफांपाशी अखेरपर्यंत झुंजले. इंग्रजांच्या बाजूचे सुमारे १,६०० मृत व जखमी पलटणवार नोंदले गेले. त्यांनी हस्तगत केलेल्या मराठी तोफा ९८, अशीही नेमकी नोंद झाली. मराठ्यांकडील मृतांचा आकडा मात्र अदमासाने सांगतात.

आता भीमेच्या बाजूचे पाणी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी मुळेकाठी खडकीस पेशवाईचा शेवट सुरू झाला, आणि त्याच खडकीत इंग्रजांनी १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना काढला. १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, तेथे स्फोटकांचाही कारखाना आला. स्वातंत्र्यानंतर असे कारखाने महाराष्ट्रात वाढले: वरणगाव, भंडारा, चंद्रपूर. आज म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे. रणभूमीवर शस्त्र पोहोचण्याआधीच त्याची किंमत मोजणारी माणसे आपल्याच गावांची असतात: १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटात नऊ कामगार गेले, त्यांत सहा स्त्रिया होत्या; २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यात आठ जण गेले.

राष्ट्राने निःशस्त्र व्हावे असे मी म्हणत नाही. पन्हाळा आणि पुरंदर ज्यांनी पाहिले त्यांचे वंशज असे म्हणू शकत नाहीत. भारत आज जगातील सर्वांत मोठ्या शस्त्र-आयातदार देशांपैकी एक आहे आणि निर्यातीतही उतरू पाहत आहे. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत शस्त्रव्यापाराचा करार मताला आला तेव्हा, पारडे विक्रेत्या राष्ट्रांकडे झुकले आहे असा आक्षेप घेऊन आपण तटस्थ राहिलो. सुरत-राजापूरचा इतिहास पाहता तो आक्षेप निराधार नव्हता. परंतु आता आपणच विक्रेते होत असताना, आपला गोळा कोणाच्या छपरावर पडेल हा प्रश्न टाळण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. रेव्हिंग्टनने तो टाळला होता.

इंदापूर, बारामती, पुरंदर आणि पैलतीरीचे माळशिरस व माढा या तालुक्यांतील जुन्या वाड्यांत मोडी कागदांची बाडे अजून असतील. देशमुख-कुलकर्ण्यांची दफ्तरे असतील, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या असतील. त्यांत फौजेचे रोजमुरे, बेलदारांचे हजेरीपट, न परतलेल्याच्या बायकोला दिलेली दोन बिघे जमीन, असे काही सापडण्याचा संभव आहे. ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी ते वाळवीच्या स्वाधीन न करता पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे किंवा शासकीय पुराभिलेखागाराकडे वाचनासाठी द्यावेत, आणि ज्यांना मोडी येते त्यांनी त्यांतील शिपायांची नावे प्रथम उतरून घ्यावीत.