‘बकशॉ’ : वासावर आलेला आळ

१/ किहीम ते थळ या किनाऱ्यावर नारळाच्या वाड्या आणि वाळत घातलेली मासळी शेजारीशेजारी दिसतात. तो वास कोकणाला परका नाही. समुद्रापलीकडच्या मुंबईत मात्र मासळीच्या अशाच वासावर एके काळी रोगराईचा आळ होता. त्या आळाची खूण म्हणजे एक विस्मृत शब्द : ‘बकशॉ’.

२/ बकशॉ म्हणजे माडाच्या मुळाशी खत म्हणून घातली जाणारी बारीक मासळी. कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर १६७३ मध्ये मुंबईकडे येत होता. मतलई वाऱ्याबरोबर या खताची विषारी दुर्गंधी जहाजावर आली, अशी नोंद त्याने केली. १७२७ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टनने लिहिले की, मुंबईच्या रोगट हवेचे खापर मुख्यतः याच खतावर फोडले जाते.

३/ शब्दाचे मूळ अनिश्चित आहे. ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात दोन तर्क आहेत : ‘बच्चा’, म्हणजे पिलू, किंवा बारीक मासळीसाठी असलेला एक कोकणी शब्द.

४/ या आरोपामागे त्या काळचे वैद्यकशास्त्र उभे होते. कुजणाऱ्या पदार्थांतून उठणारी दूषित हवाच ताप आणते, अशी युरोपात धारणा होती. ‘मलेरिया’चा मूळ इटालियन अर्थच ‘वाईट हवा’. मराठीतला ‘हिवताप’ कारण सांगत नाही, केवळ लक्षण सांगतो. हिव म्हणजे थंडी. म्हणून सिद्धान्त कोसळला तरी हा शब्द खोटा ठरला नाही.

५/ मुंबईत माणसे मरत होती, हे खरेच. हिवताप, हगवण अशी कारणे अनेक होती. पण नाकाला जाणवणारा संशयित एकच होता.

६/ १८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी सापडले. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांच्या अहवालाने मुंबईतील हिवतापाचा माग थेट विहिरींपर्यंत नेला. तेथील ॲनोफिलीस डास स्वच्छ पाण्यात वाढत होते. त्या पाण्याला ना रंग होता, ना वास.

७/ वाडीला खत लागते, तसे विहिरीचे पाणीही लागते. दोन्ही एकाच कुंपणाच्या आत. दोनशेहून अधिक वर्षे बोट दाखवले गेले ते कोळ्यांच्या मासळीकडे आणि माड राखणाऱ्यांच्या खताकडे. विहिरीत कोणी डोकावले नाही, कारण तिला दुर्गंधी नव्हती.