छिन्नमनस्कता आणि कुटुंब

छिन्नमनस्कता किंवा स्किझोफ्रेनिया हा विचार, भावना आणि वास्तवाचे भान यांवर परिणाम करणारा गंभीर मानसिक आजार आहे. तो बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत, म्हणजे शिक्षण, नोकरी वा विवाहाच्या उंबरठ्यावर सुरू होतो. भारतात बहुसंख्य रुग्ण घरीच राहत असल्याने त्यांची काळजी मुख्यतः आई-वडील, जोडीदार आणि भावंडे घेतात.

नाव आणि लक्षणे

स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ही संज्ञा प्रथम मांडली. तिचा शब्दशः अर्थ ‘दुभंगलेले मन’ असा होत असल्याने मराठीतही या आजाराला पुष्कळदा ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ म्हटले जाते. ते चुकीचे आहे. ब्लॉयलर यांना विविध मानसिक क्रियांमधील सांधा निखळणे अभिप्रेत होते, एका शरीरातील दोन व्यक्ती नव्हेत.

कानात आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवत आहे अशी पक्की समजूत होणे ही लक्षणे ठळकपणे दिसतात. एकलकोंडेपणा, अंघोळीची टाळाटाळ, कशातच उत्साह न वाटणे ही लक्षणे मात्र घरच्यांना आळस किंवा हट्ट वाटतात आणि उपचारांस उशीर होतो. आपण आजारी आहोत याची जाणीव नसणे हाही पुष्कळदा आजाराचाच भाग असतो. त्यामुळे औषध नाकारणाऱ्या रुग्णाशी वाद घालून फारसे काही साधत नाही.

कुटुंबाविषयीचे संशोधन

मानसोपचारशास्त्राने काही काळ या आजाराचा दोष थेट आईवर ठेवला. फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी १९४८ मध्ये मांडलेली ‘छिन्नमनस्कता निर्माण करणारी माता’ ही कल्पना पुढे संशोधनात टिकली नाही. पण तोवर अनेक मातांनी हा ठपका सोसला होता. आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असला, तरी एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला तो झाल्यास दुसऱ्याला होतोच असे नाही.

१९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व सहकाऱ्यांना असे आढळले की, रुग्णालयातून सुटून आई-वडील वा जोडीदाराकडे परतलेल्या रुग्णांची स्थिती इतरत्र राहणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा बिघडते. यातून ‘व्यक्त भावना’ ही संकल्पना पुढे आली. सततची टीका, वैरभाव आणि अतिकाळजी यांचा तीत समावेश होतो. हा पुन्हा कुटुंबावर ठेवलेला दोष नव्हे. वर्षानुवर्षांच्या थकव्यातूनही अशी टीका उमटते. औषधोपचारांच्या जोडीने कुटुंबाला आजाराची माहिती व संवादाचे प्रशिक्षण दिल्यास आजार उलटण्याचे प्रमाण घटते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

भारतातील प्रयत्न

अमृतसर येथील मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना रुग्णासोबत आवारातच तंबूंमध्ये राहण्यास बोलावले. घरचे लोक आजार समजून घेऊन रुग्णासह परतत. पाश्चात्त्य देशांत कुटुंबाला उपचारांपासून दूर ठेवले जात असताना हा प्रयोग झाला, हे त्याचे वेगळेपण.

मराठी समाजात या विषयाला वाचा फोडण्याचे मोठे श्रेय कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्याकडे जाते. पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही त्यांचा पुढाकार होता. भाऊ आजारी आणि बहीण त्याला सांभाळणारी, अशी त्याची कथा आहे. मराठी स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि काळजीवाहकाला ‘शुभंकर’ म्हणण्याचा प्रघात आहे.

कायदेशीर तरतुदी

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडता येतो, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा दिव्यांगत्वात समावेश आहे. केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असून त्यावर नातेवाईकही सल्ला घेऊ शकतात. ‘आमच्या पश्चात याचे कसे होणार?’ हा वृद्ध पालकांचा प्रश्न मात्र बिकट आहे. पालकत्वाची सोय करणारा १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरता मर्यादित असून छिन्नमनस्कता त्याच्या कक्षेत येत नाही.