मानक संग्रहातील प्रकट व अंतर्गत नावे

संगणकाच्या आज्ञावली-भाषेबरोबर तयार मिळणाऱ्या उपआज्ञावलींच्या संचास मानक संग्रह (स्टँडर्ड लायब्ररी) म्हणतात. त्यातील काही नावे सर्वांच्या वापरासाठी, तर काही केवळ संग्रहाच्या आंतरिक रचनेसाठी असतात. पहिल्यांना प्रकट व दुसऱ्यांना अंतर्गत नावे म्हणता येईल. प्रकट नाव हे रचनाकाराने दिलेले अभिवचन असते. अंतर्गत भाग मात्र तो पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतो. हा भेद अस्पष्ट राहिल्यास वापरकर्ते अंतर्गत भागावर विसंबतात आणि पुढील आवृत्तीत त्यांच्या आज्ञावली बंद पडतात.

केंब्रिज विद्यापीठात १९४९ मध्ये कार्यान्वित झालेल्या एडसॅक संगणकासाठी उपआज्ञावलींचा संग्रह कागदी फितींवर ठेवलेला असे. प्रत्येक फितीसोबत वापराचे वर्णन असल्याने आतील आज्ञा वाचण्याची गरज पडत नसे. या विचारास तात्त्विक बैठक डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये दिली. बदलण्याचा संभव असलेला प्रत्येक निर्णय एकेका घटकात झाकून ठेवावा, असे त्यांनी प्रतिपादिले.

हा भेद दर्शविण्याच्या पद्धती भाषेगणिक भिन्न आहेत. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणकात दोन अधोरेषांनी, अथवा अधोरेषा व त्यापुढे मोठे रोमन अक्षर यांनी सुरू होणारी नावे भाषेच्या रचनाकारांसाठी राखून ठेवली गेली. जावा भाषेत ‘पब्लिक’ व ‘प्रायव्हेट’ हे शब्द आरंभापासून आहेत. परंतु संग्रहातील एका पॅकेजचा वर्ग दुसऱ्या पॅकेजला हवा असल्यास तो ‘पब्लिक’ करावा लागे व त्यामुळे बाहेरच्यांनाही खुला होई. अशा अंतर्गत वर्गांवर अनेक आज्ञावली उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये नवव्या आवृत्तीत विभागरचना (मोड्यूल) आली, तरी रूढ वापर मोडू नये म्हणून बहुतेक अंतर्गत वर्ग २०२१ पर्यंत पूर्णपणे बंद करता आले नाहीत.

पायथॉन भाषेत अंतर्गत नावाआधी एक अधोरेषा देण्याचा संकेत आहे. भाषा तो सक्तीने पाळावयास लावीत नाही. गो भाषेत मात्र नियम व्याकरणातच आहे : नावाचे पहिले अक्षर मोठे असेल तरच ते पॅकेजबाहेर दिसते.

रोमन लिपीत हा नियम सुटसुटीत असला, तरी देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाही. त्यामुळे ‘गड’ हे नाव गो भाषेत चालते, पण सदैव अंतर्गत राहते. ते प्रकट करावयाचे तर आधी एखादे मोठे रोमन अक्षर जोडावे लागते. ‘मालवण’ हे नाव तर मुळीच चालत नाही. तेथील नियमानुसार नावात केवळ अक्षरे, अंक व अधोरेषा असू शकतात, आणि युनिकोडमध्ये काना हे अक्षर नसून जोडचिन्ह मानले जाते. ‘सिंधुदुर्ग’ या नावास वेलांटी, अनुस्वार, उकार व रफार साधणारे हलन्तचिन्ह आड येतात. याउलट पायथॉनच्या २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ‘मालवण’ हे प्रकट नाव म्हणून आणि तेच अधोरेषेसह अंतर्गत नाव म्हणून वापरता येते.

यावरून असे दिसते, की खूण निवडणे ही केवळ तांत्रिक बाब नाही. एखाद्या लिपीच्या वैशिष्ट्यावर आधारलेली खूण इतर लिपींच्या लेखकांना संग्रहाच्या दर्शनी भागापासून दूर ठेवते. अधोरेषेसारखी लिपिनिरपेक्ष खूण सक्तीची नसली, तरी तिचा अर्थ सर्वांना सारखाच उपलब्ध असतो.