प्रकाशाने जंतू मरतात, पण कोणत्या?

दुधाची भांडी घासून उन्हात ठेवायची, पावसाळा संपला की गाद्या-उशा गच्चीवर टाकायच्या, ही आपल्या घरांतली जुनी रीत. उन्हाने जंतू मरतात, असे आपण मुलांना सांगतोही. पण ते नेमके कशाने मरतात? उष्णतेने, कोरडेपणाने, की प्रकाशाने? हल्ली पाणी शुद्ध करणाऱ्या काही उपकरणांत चिमुकले एलईडी दिवे असतात. त्यांनी पाणी उकळत नाही की आटत नाही, तरीही जंतू निकामी होतात. म्हणजे काम प्रकाशाचेच. पण सगळा प्रकाश हे काम करत नाही. मग कोणता करतो? हे कळायला बराच काळ जावा लागला.

नळ्या आणि शिशाचा पत्रा

१८७७ साली इंग्लंडमध्ये आर्थर डाउन्स आणि टॉमस ब्लंट यांनी एक साधा प्रयोग केला. जीवाणू वाढू शकतील असे द्रावण त्यांनी काचेच्या नळ्यांत भरले. काही नळ्यांना शिशाचा पातळ पत्रा गुंडाळला, काही उघड्या ठेवल्या आणि सगळ्या उन्हात ठेवल्या. झाकलेल्या नळ्यांतले द्रावण गढूळ झाले, कारण त्यात जीवाणू वाढले. उघड्या नळ्यांतले नितळ राहिले. द्रावण तेच, जागा तीच. फरक फक्त उजेडाचा. वर्गात 'तुलनेसाठी दुसरी नळी कशाला?' असे विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण जरूर सांगावे.

रंगीत काचा वापरून पाहिल्यावर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा परिणाम जास्त आढळला. शिवाय हवा काढून घेतलेल्या नळीत हा परिणाम दिसत नाही, असेही या दोघांनी नोंदवले. पुढे हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँथ्रॅक्सचे बीजाणू पेरलेल्या आगरवर वर्णपट पाडला. लाल-पिवळ्या भागात जीवाणू वाढले, निळ्या-जांभळ्या भागात वाढले नाहीत.

दिवा आधी, कारण नंतर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाऱ्याच्या वाफेचे दिवे आले. साधी काच आखूड तरंगलांबीचे अतिनील किरण अडवते, क्वार्ट्‌झ अडवत नाही. म्हणून क्वार्ट्‌झच्या नळीतला पारा-दिवा जंतूंवर फार प्रभावी ठरला. १९१० साली फ्रान्समधल्या मार्सेय शहरात पिण्याचे पाणी या दिव्यांनी शुद्ध करून पाहिले गेले. पण दिवे बेभरवशाचे होते आणि क्लोरीन स्वस्त. १९०८ पासून अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात क्लोरीन नियमित मिसळले जात होतेच. अतिनील दिवे मागे पडले.

हे किरण जीवाणूच्या कोणत्या भागावर आघात करतात? १९३० साली फ्रेडरिक गेट्स यांनी एकेक तरंगलांबी घेऊन मोजमाप केले. सर्वांत घातक किरण २६५ नॅनोमीटरच्या आसपास निघाले. न्यूक्लिइक आम्लेही नेमके याच सुमाराचे किरण शोषतात. आनुवंशिकतेचा वाहक डीएनए आहे, हे दाखवणारा अ‍ॅव्हरी आणि सहकाऱ्यांचा प्रयोग १९४४ सालचा. म्हणजे खूण आधी मिळाली होती, अर्थ नंतर लागला. या किरणांमुळे डीएनएमधले शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात आणि जीवाणूला स्वतःची प्रत काढता येत नाही. तो लगेच मरेलच असे नाही, पण वाढू शकत नाही. आजार टळायला तेवढे पुरते.

१९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीनला दाद न देणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगांत दिसले, की अतिनील किरणांच्या थोड्या मात्रेनेही त्याची संसर्ग करण्याची क्षमता जाते. मागे पडलेल्या दिव्याकडे पुन्हा लक्ष गेले.

हवी ती तरंगलांबी

पारा-दिव्याचे मुख्य किरण २५४ नॅनोमीटरचे. ते २६५च्या जवळ पडले हा निव्वळ योगायोग, कारण पाऱ्याचा अणू आपल्या सोयीने प्रकाश देत नाही. एलईडीत मात्र अर्धवाहकाचे मिश्रण बदलून तरंगलांबी निवडता येते. १९९०च्या सुमारास आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडपासून निळी एलईडी साधली. त्यासाठी त्यांना २०१४चे नोबेल मिळाले. याच पदार्थात अ‍ॅल्युमिनियम मिसळत गेले की तरंगलांबी आखूड होत अतिनीलमध्ये उतरते. असे दिवे लगेच पेटतात आणि त्यांत पारा नसतो. मात्र विजेचे अतिनील प्रकाशात रूपांतर करण्यात ते अजून पारा-दिव्याच्या मागे आहेत.

दुसरी वाट ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाची. हा प्रकाश डीएनएवर थेट आघात करत नाही. जीवाणूतली पॉर्फिरिन नावाची द्रव्ये तो शोषतात आणि ऑक्सिजनचे तीव्र क्रियाशील रूप तयार होते. तेच पेशीला जाळते. अन्नपदार्थांच्या पृष्ठभागासाठी यावर संशोधन चालू आहे, कारण पदार्थ शिजत नाही. मात्र अतिनीलला जिथे सेकंद पुरतात, तिथे याला बरेचदा तास लागतात.

आता डाउन्स आणि ब्लंट यांच्याकडे पुन्हा पाहू या. सूर्याचे २६५ नॅनोमीटरचे किरण ओझोनच्या थरात अडतात, जमिनीवर पोचतच नाहीत. म्हणजे त्यांनी पाहिला तो बराचसा या दुसऱ्या वाटेचा परिणाम होता. हवा काढली की तो का थांबला, हेही आता उलगडते.

पत्रा अजून आहेच

दिवा कोणताही असो, शिशाच्या पत्र्याची अडचण संपलेली नाही. किरण पोचले नाहीत तर जंतू सुरक्षित. मुंबईत जन्मलेले अशोक गाडगीळ यांनी १९९२-९३च्या कॉलऱ्याच्या साथीनंतर गावांसाठी कमी खर्चाचे अतिनील यंत्र तयार केले. त्यात दिवा पाण्यात न बुडवता वर टांगला, कारण बुडालेल्या दिव्यावर थर साचतो आणि तोच पत्र्याचे काम करतो. गढूळ पाण्यातला मातीचा कण, चिरलेल्या फळाची घडी, दुधाची अपारदर्शकता या सगळ्या सावल्याच आहेत. शिवाय क्लोरीन नळातून पुढे जाताना पाण्यात टिकतो, प्रकाश मागे काहीच ठेवत नाही. शुद्ध केलेले पाणी घाणेरड्या माठात ओतले तर केलेले काम वाया जाते.

जंतुनाशक अतिनील दिवे डोळ्यांना आणि त्वचेला घातक असल्याने वर्गात आणू नयेत. त्याऐवजी साधी बॅटरी, एक पेला स्वच्छ पाणी आणि एक पेला मातीचे पाणी घ्या. उजेड कुठवर पोचतो ते मुलांना पाहू द्या, आणि पाणी आधी गाळून, मगच दिव्याखालून का न्यावे लागते, हे त्यांनाच विचारा.