दिवा आणि खोली

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारताच हाती दिवा घेऊन रुग्णांमधून फिरणारी स्त्री आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. त्या चित्राने जगाचे पुष्कळ भले केले. परंतु रात्रभर फिरलेली ही परिचारिका सकाळी निजते कोठे, जेवते काय, हा प्रश्न चित्र पाहणाऱ्यास पडत नाही. बाईंना मात्र तो पडला होता.

१८५४ साली ३८ परिचारिका बरोबर घेऊन त्या क्रिमियाच्या युद्धातील जखमींसाठी स्कुटारीस गेल्या. कृतज्ञ देशाने वर्गणी काढून सुमारे ४५,००० पौंडांचा निधी त्यांच्या कार्यासाठी उभा केला, आणि त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या विद्यार्थिनी १५. या शाळेचा अभ्यासक्रम सगळेच सांगतात. आम्ही तिचा घरखर्च सांगतो. प्रत्येकीस निजावयास स्वतंत्र खोली, सर्वांना मिळून एक बैठकीची खोली, जेवणखाण, गणवेश, कपड्यांची धुलाई, चहा आणि साखर, शिवाय वर्षाला १० पौंड. चहासाखरेचे नाव ऐकून कोणास हसू येईल. पण त्यापूर्वी तेथील कित्येक परिचारिका वॉर्डालगतच्या कोंदट कोठडीत निजत, आपले अन्न आपणच शिजवीत, आणि त्यांच्या तोंडाला दारूचा वास येतो म्हणून बोलही त्यांनाच लागे!

बाईंचे सारेच वाखाणावे असे नाही. प्रत्येक विद्यार्थिनीच्या वर्तनाची दरमहा लेखी नोंद होई. परिचर्या हे व्रत आहे, ही भावनाही त्यांनीच दृढ केली; आणि एकदा व्रत म्हटले की वेतनाची व विसाव्याची भाषा अशोभनीय ठरते. कारभाऱ्यांस हे फारच सोयीचे!

आपल्याकडे या सोयीचा लाभ मनसोक्त घेतला गेला. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा इंग्लंडात ३०० लोकांमागे एक परिचारिका होती, तर ब्रिटिश हिंदुस्थानात ४३,००० लोकांमागे एक. इतके थोडे हात, म्हणून तरी त्यांना जपावे की नाही? पण त्यांचे काम आणि राहणे ज्या स्थितीत चालले होते, ती सुधारल्यावाचून या पेशात मुली येणार नाहीत, हे समितीला सांगावे लागले.

२०२० हे साल नाइटिंगेलबाईंच्या जन्माचे दोनशेवे. जागतिक आरोग्य संघटनेने ते परिचारिकांचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. नेमकी त्याच वर्षी करोनाची साथ आली. २२ मार्चला सायंकाळी पाच वाजता देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. पुढे काही घरमालकांनी याच डॉक्टर-परिचारिकांना जागा सोडावयास सांगितले. त्यांच्यावर हल्लेही झाले, इतके की एप्रिलमध्ये केंद्र सरकारला वटहुकूम काढून तो गुन्हा अजामीनपात्र करावा लागला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा निजण्याचा प्रश्न पुन्हा दारात उभा! घरी जावे तर मुलांना लागण होण्याची धास्ती, न जावे तर राहावे कोठे? मुंबईत तेव्हा काही हॉटेलांनी आपल्या रिकाम्या खोल्या त्यांना उघडून दिल्या. साथ ओसरली, तशा त्या खोल्या पुन्हा प्रवाशांकडे गेल्या.