किल्ली कोणाच्या हाती?

इसवी सन १७१६. फ्रान्सच्या राजदरबारात वादक म्हणून मान पावलेल्या फ्रांस्वा कूपरँ याने त्या साली ‘क्लाव्हसँ’ नावाच्या वाद्याच्या वादनकलेवर एक छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला. क्लाव्हसँ हे पियानोहून जुने वाद्य. पट्ट्या पियानोसारख्याच, पण पट्टी दाबली की तार हातोडीने ठोकली न जाता छेडली जाते. या ग्रंथात कूपरँने आपली एक सवय मोठ्या मोकळेपणाने सांगितली आहे. मुलांना आरंभीचे धडे देऊन झाले की निघताना तो वाद्याची किल्ली आपल्याबरोबर घेऊन जाई. पाऊण तास खपून बोटांना जे वळण लावावे, ते ही मुले गुरूची पाठ फिरताच क्षणार्धात बिघडवून टाकतात, हे त्याचे कारण.

गुरूच्या खिशातील ही किल्ली म्हणजे एका संपूर्ण विद्यापरंपरेचे चिन्ह होय. विद्या गुरूपाशी असावयाची. ती कोणाला, केव्हा आणि किती द्यावयाची हेही त्यानेच ठरवावयाचे. आपल्याकडील गायनवादनाची घराणी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. त्याच ग्रंथात कूपरँ सांगतो की, शिक्षणास आरंभ करण्याचे योग्य वय सहा ते सात वर्षे. मोठ्या वयाच्या माणसांना वगळावे असे नव्हे, परंतु हात घडवावयाचे तर जितके लवकर तितके बरे. प्रौढ शिकाऊ माणसाचा उल्लेख येतो तो असा, एका वाक्याच्या पोटात, थोड्या सौजन्याने आणि थोड्या संशयाने. पुढील तीनशे वर्षांत हा माणूस त्या वाक्यातून बाहेर कसा आला आणि ती किल्ली त्याच्या हाती कशी पडली, याची कथा पियानोच्या क्रमिक पुस्तकांच्या इतिहासात दडलेली आहे.

पियानोचा जन्म इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे झाला. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने पट्टीच्या टोकाशी हातोडीची योजना केली, आणि बोटाच्या जोराप्रमाणे नाद मंद किंवा मोठा होऊ लागला. परंतु ते वाद्य बराच काळ राजेरजवाड्यांच्या महालांतच राहिले. १७६६ पासून लंडनमध्ये योहान झुम्पे हा जर्मन कारागीर मेजाएवढे, चौकोनी आणि त्या मानाने स्वस्त पियानो बनवू लागला, तेव्हा ते व्यापाऱ्याच्या व वकिलाच्या दिवाणखान्यात शिरले. वाद्य घरोघर पोहोचले. गुरू मात्र घरोघर पोहोचणे शक्य नव्हते. ही उणीव भरून काढण्यास पुस्तक पुढे झाले.

कार्ल फिलिप एमानुएल बाख याचा वादनकलेवरील दोन भागांचा ग्रंथ १७५३ आणि १७६२ साली निघाला. जुन्या वादनात बरेचदा बाजूला राहणाऱ्या अंगठ्याला त्याने बोटांच्या रचनेत मानाचे स्थान दिले. दहा वर्षांचा कार्ल चेर्नी शिकावयास आला, तेव्हा बेटहोव्हेनने त्याच्या वडिलांना प्रथम हाच ग्रंथ मिळवावयास सांगितले. पण हा ग्रंथ विद्वानांचा होता. सामान्य गृहस्थाच्या हाती देता येईल असे पुस्तक मुत्सिओ क्लेमेंटी याने १८०१ साली लंडनमध्ये काढले. प्रारंभी संगीताची मूलतत्त्वे, मग बोटांचे नियम, आणि शेवटी हँडेल, मोझार्ट यांसारख्यांच्या रचनांतून निवडलेले, प्रत्येक स्वरावर बोटाचा अंक छापलेले पन्नास पाठ. क्लेमेंटी स्वतः पियानोंचा कारखानदार आणि संगीताचा प्रकाशकही होता. ज्या दुकानातून पियानो न्यावयाचा, त्याच दुकानात तो वाजविण्याची युक्ती विकत मिळे! त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांत अंगठ्याला फुलीची खूण असे आणि तर्जनीला एक हा अंक. युरोपखंडात मात्र अंगठाच एक. परदेशी पुस्तक हाती आले की शिकणाऱ्याला आपली बोटे पुन्हा मोजावी लागत.

या वाद्याचा आणि पुस्तकाचा मेळ बसला, याला वाद्याची जातही कारण आहे. गाणाऱ्याला सूर लावावा लागतो, सारंगियाला तो तारेवर शोधावा लागतो. पियानोत सूर आधीच लावून ठेवलेला असतो. बालकाने पट्टी दाबली काय किंवा उस्तादाने दाबली काय, षड्ज तो षड्जच. म्हणून अमुक पट्टी, अमुक बोट, अमुक मात्रा एवढे कागदावर लिहिले की काही एक वादन घडते. पाच पट्ट्यांवर पाच बोटे ठेवून पहिला धडा आरंभावा ही आजही चालू असलेली रीत यातूनच निघाली. पण या सोयीतच एक संकट लपलेले आहे. सूर आयता मिळतो, म्हणून कान झोपून राहिला तरी चालते. डोळा कागदावर, बोट पट्टीवर, आणि मधला कान रिकामा, असे वादन या वाद्यावर सहज होऊ शकते.

एकोणिसाव्या शतकाने हे संकट ओळखले नाही, उलट वाढविले. १८१४ साली योहान बर्नहार्ड लोगिए याने डब्लिनमध्ये हात व मनगट एका ठराविक स्थितीत धरून ठेवणाऱ्या चौकटीचा हक्क नोंदविला, आणि अनेक विद्यार्थी एकाच वेळी अशा चौकटींत हात घालून वाजवू लागले. शार्ल-लुई आनों याचे साठ व्यायाम १८७३ साली निघाले. पाचही बोटे सारखी बलवान करणे हा त्यांचा उद्देश. आखाड्यात जोरबैठका काढाव्यात तसे हे व्यायाम जगभर काढले गेले. स्वतः चेर्नीने १८३९ साली आपला प्रचंड पद्धतिग्रंथ सिद्ध केला. मात्र याच चेर्नीने दूर खेड्यात राहणाऱ्या एका कल्पित मुलीला उद्देशून पियानोविषयी दहा पत्रेही लिहिली. गुरू शेजारी नसताना शिकणाऱ्याशी त्याने कसे बोलावे, याचा तो जुना व प्रेमळ नमुना आहे. तथापि या सर्वांच्या दृष्टीपुढे शिष्य होता तो कोवळ्या हाताचा. ज्याचे हात जगाच्या व्यवहारात राठ झाले, पण ज्याच्या मनात संगीताची ओढ शिल्लक आहे, त्याच्यासाठी या शाळेत बाक नव्हता.

अशा वेळी डब्लिनमधील एका तरुण कारकुनाची गोष्ट फार बोलकी ठरते. १८७३ साली त्याची आई घर सोडून लंडनला गेली. ती गात असे; तिच्या मंडळींच्या तालमी घरात चालत, आणि अनेक ऑपेरे या मुलाला ऐकून तोंडपाठ झाले होते. आता घर एकाएकी मुके झाले. पियानो होता, पण वाजविणारे कोणी नव्हते. सोळा-सतरा वर्षांच्या या तरुणाने पट्ट्यांची आकृती दिलेले एक पुस्तक विकत आणले, त्यातील बोटांच्या व्यायामांना फाटा दिला, आणि मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ची प्रत समोर ठेवली. पहिल्या स्वरसमूहावर बोटे नीट बसवावयास त्याला दहा मिनिटे लागली. पण तो नाद जेव्हा खरा उमटला, तेव्हा सर्व कष्टांचे चीज झाले असे त्यानेच पुढे लिहून ठेवले. हा तरुण म्हणजे जॉर्ज बर्नार्ड शॉ. तो मोठा वादक झाला नाही. परंतु नाटककार म्हणून गाजण्यापूर्वी लंडनने त्याला ओळखले ते एक तिखट आणि मर्मज्ञ संगीतसमीक्षक म्हणून.

या गोष्टीतील मर्म कोणते? शॉला पुस्तकाने संगीत शिकविले नाही. संगीत त्याच्या कानात आधीच वस्तीला होते. पुस्तकाने त्याला केवळ नकाशा दिला. बोट चुकले की ते चुकले हे सांगणारा परीक्षक त्याच्या आतच बसलेला होता. लहान मुलाला बोटांची लवचीकता असते, पण ते जे वाजविते ते त्याने पूर्वी फारसे ऐकलेले नसते. प्रौढाचे उलट आहे. त्याची बोटे अडखळतात, पण त्याच्या कानाने कित्येक वर्षांची पुंजी जमविलेली असते. जुन्या पुस्तकांनी त्याची उणीव मोजली. पुंजी मोजली नाही.

ही पुंजीही नसेल तर काय होते, याचे उदाहरण जपानात सापडते. १८८० साली जपान सरकारने ल्यूथर व्हाइटिंग मेसन या अमेरिकन संगीतशिक्षकाला टोकियोला बोलाविले. त्याच्याबरोबर फर्डिनांड बायर या जर्मन रचनाकाराचे प्रारंभिक पुस्तक त्या देशात आले. जन्मभर वेगळेच संगीत ऐकलेल्या तरुणांनी ते पुस्तक समोर ठेवून एकेक पट्टी दाबली, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या, बालशाळांतून शिकवू इच्छिणाऱ्या मोठ्या वयाच्या उमेदवारांनीही त्याच पुस्तकावर बोटे चालविली. ‘बायर’ हे नाव तिथे जणू पियानोच्या धुळपाटीचेच नाव झाले. कान तयार नसताही निष्ठेने काय साधते, हे जपानने दाखविले. पण त्यासाठी सारा समाज तो नाद रोज ऐकू लागावा लागला, हेही विसरता येत नाही.

प्रौढ शिकाऊ माणसाला खऱ्या अर्थाने गिऱ्हाईक म्हणून ओळखले ते अमेरिकेने. १९०९ या एका वर्षात त्या देशात साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. पुढे ग्रामोफोन आणि रेडिओ आले, आणि घरोघरचे पियानो धूळ खात पडले. १९२५ च्या सुमारास टपालाने संगीत शिकविणाऱ्या एका संस्थेसाठी जॉन केपल्स याने लिहिलेली जाहिरात जाहिरातींच्या इतिहासात अमर झाली आहे. एक गृहस्थ मेजवानीत पियानोपाशी बसतो, मित्र हसू लागतात, आणि वादन सुरू होताच ते थक्क होतात, असा तिचा आशय. जाहिरातीची अतिशयोक्ती वगळली, तरी तिने एक नाजूक नस अचूक पकडली होती. प्रौढाचा खरा अडथळा बोटांत नसून लज्जेत असतो. कचेरीत ज्याच्या सहीला किंमत आहे, घरात ज्याचा शब्द प्रमाण आहे, त्याने पहिल्या पानावरच्या तीन स्वरांवर अडावे, आणि तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असे, ही गोष्ट सोपी नाही. १९३६ साली निघालेल्या जॉन थॉम्प्सनच्या लोकप्रिय प्रारंभिक पुस्तकाच्या नावातच चिमुकल्या बोटांचा उल्लेख आहे; ते पुस्तक समोर उघडून बसताना चाळिशीच्या माणसाला काय वाटत असेल, याची कल्पना करावी. केवळ प्रौढांसाठी लिहिलेली पुस्तकेही निघू लागली. त्यांत चित्रे कमी, ओळखीच्या चाली अधिक, आणि डाव्या हाताला लवकरच साधे स्वरसमूह दिलेले, म्हणजे शिकणाऱ्याला थोडक्या दिवसांत काही पुरे वाजविल्याचे समाधान लाभावे.

तथापि या प्रश्नाचे सर्वांत उदात्त उत्तर हंगेरीच्या बेला बार्टोकने दिले. ‘मिक्रोकोस्मोस’ हा त्याचा १५३ रचनांचा सहा भागांतील संग्रह १९४० साली प्रसिद्ध झाला. आरंभीचे भाग नवशिक्यांसाठी आहेत, मग ते बाल असोत वा प्रौढ, असे त्याने प्रस्तावनेत म्हटले आहे. पहिल्या रचनांत दोन्ही हात एकच चाल वाजवितात, इतक्या त्या सोप्या. पण प्रत्येकीत संगीताचा एखादा खरा विचार आहे. सोपे म्हणजे पोरकट नव्हे, हे त्याने कृतीने दाखविले. कूपरँच्या पोटवाक्यातला माणूस अशा रीतीने बालकाच्या शेजारी समान मानाने येऊन बसला.

भारतात हा प्रश्न पियानोपेक्षा पेटीच्या रूपाने आला. १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांड्र दबँ याने हार्मोनियमचा हक्क नोंदविला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडीशी घेऊन हाताने भाता मारता येईल असे रूप दिले, आणि पियानोच्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या महाराष्ट्रातील माजघरांपर्यंत पोहोचल्या. १९०१ साली पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि पाठ्यपुस्तके छापली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत शेकडो चिजा स्वरलिपीसह सर्वांपुढे मांडल्या. ज्या चिजा मिळविण्यासाठी उस्तादाच्या दारी वर्षानुवर्षे सेवा करावी लागे, त्या पुस्तकाच्या दुकानात मिळू लागल्या. कागदावरून गाणे येते काय, असा आक्षेप त्यावर घेतला गेला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. मींड, श्रुती, आवाजाचा लगाव यांतले फार थोडे कागदावर उतरते. पण त्या पुस्तकांनी गाणे शिकविण्याचा नव्हे, तर गाण्याचे दार उघडण्याचा संकल्प केला होता. नादाची उरलेली उणीव भरावयास आकाशवाणीसारखे माध्यम धावून आले. कलकत्ता केंद्रावरून पंकज मलिक यांनी अनेक दशके संगीताचे धडे दिले, तेव्हा घरात बसलेल्या ऐकणाऱ्याच्या एका हाती वही होती आणि कानाशी प्रत्यक्ष सूर होता. कागद आणि नाद यांची ती भेट हेच पुस्तकाच्या प्रश्नाचे खरे उत्तर.

आज विजेवर चालणारे पियानो निघाले आहेत. कानाला यंत्र लावून माणूस मध्यरात्री सराव करू शकतो, आणि लज्जेचे ते जुने कारण बरेचसे नाहीसे झाले आहे. प्रौढ मेंदूही सरावाने बदलतो आणि नवे कौशल्य आत्मसात करतो, हे शास्त्राने दाखवून दिले आहे. तरी उशिरा आरंभ करणारा मैफलीचा वादक होईल, असे आश्वासन कोणतेही प्रामाणिक पुस्तक देणार नाही. ते एवढेच सांगते की, जे संगीत जन्मभर बाहेरून ऐकले, त्याच्या आत चार पावले जाता येते. आणि तिथून परतलेला माणूस पूर्वीपेक्षा अधिक चांगला श्रोता होतो.

कूपरँने किल्ली नेली ती मुलांच्या भल्यासाठीच. घडवलेले हात बिघडू नयेत ही त्याची चिंता खरी होती, आणि चांगल्या गुरूची गरज आजही सरलेली नाही. पण ज्याच्या दारी गुरू कधी आलाच नाही, त्याचे वाद्य जन्मभर कुलूपबंद राहावे, हे त्या चिंतेवरचे उत्तर नव्हे. एका साध्या छापील पुस्तकाने ते कुलूप काढले. दार लोटावयाचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. मात्र आत शिरताना डोळा आणि बोट यांच्याबरोबर कानालाही बोलावून न्यावे, एवढीच या तीनशे वर्षांची शिकवण आहे.